दुसरा कोस : सदसद्विवेकबुद्धी व ख्रिस्ताची अहिंसा

रविवारचा शास्त्रपाठ

वाचावयाचे भाग : १ शमुवेल २४:१–१५, मत्तय ५:३८–४८, रोमकरांस पत्र १२:१४ ते १३:७, प्रेषितांची कृत्ये ५:२७–४२.

मुखोद्गत करावयाचे वचन : रोमकरांस पत्र १२:२१.

घरच्या उपासनेसाठी वाचन : सोमवार, निर्गम १:१५–२१. मंगळवार, अनुवाद १९:१–१०. बुधवार, १ शमुवेल २५:२३–३५. गुरुवार, नीतिसूत्रे २५:२१–२२. शुक्रवार, योहान १८:१९–२४. शनिवार, १ पेत्र २:१९–२५.

प्रस्तावना

मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील हा भाग मंडळीत वाचला जातो, तेव्हा ऐकणाऱ्यांचे दोन वर्ग होतात. एक वर्ग म्हणतो, हे शिक्षण फार उंच आहे. ते साधुपुरुषांस शोभेल, परंतु ज्यास शेतीचा बांध राखावयाचा आहे व चार माणसांत वागावयाचे आहे त्यास ते कसे जमावे? दुसरा वर्ग काहीच बोलत नाही. तो मुकाट्याने मान खाली घालतो, कारण त्याच्या वाडवडिलांनी पिढ्यान्पिढ्या मार सोसलेला आहे, आणि सोसत राहण्याचीच ही आणखी एक आज्ञा आहे असे त्यास वाटते.

ह्या दोन्ही समजुती अपुऱ्या आहेत. प्रभूने येथे अशक्य गोष्ट सांगितली नाही, आणि दुबळेपणाही शिकविला नाही. आजच्या पाठातून एकच गोष्ट नीट समजून घ्यावयाची आहे. ती ही की, ख्रिस्ताने शिकविलेली सदसद्विवेकबुद्धी सत्याची किंमत स्वतः देते; ती किंमत शेजाऱ्याकडून वसूल करीत नाही. हे सूत्र हाती धरून आपण चारही भाग क्रमाने पाहू.

१. गुहेतील दावीद

शौल राजा तीन हजार निवडक माणसे घेऊन दाविदाच्या मागे लागला होता. एन-गेदीच्या रानात तो एका गुहेत शिरला. त्याच गुहेच्या आतल्या भागात दावीद व त्याचे लोक लपून बसले होते. शत्रू आपण होऊन हाती आला. दाविदाच्या लोकांनी तर ह्या प्रसंगास देवाचे नाव दिले. परमेश्वरानेच आज शत्रूला तुझ्या स्वाधीन केले आहे, असा त्यांचा आग्रह होता. दावीद उठला, पण त्याने राजाच्या वस्त्राचा काठ तेवढा गुपचूप कापून घेतला.

पुढील वचनाकडे शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे. राजाच्या अंगास इजा झाली नव्हती. कापले होते ते केवळ वस्त्र. तरी तेवढ्यानेही दाविदाचे हृदय त्यास टोचू लागले. जुन्या करारात सदसद्विवेकबुद्धीसाठी वेगळा शब्द सहसा येत नाही. तिचे काम इब्री भाषा 'हृदय' ह्या शब्दाने सांगते. ते काम येथे स्पष्ट दिसते. भोवतालची सर्व माणसे एका बाजूस, संधी त्याच बाजूस, आणि देवाचे नावही त्याच बाजूने घेतले जात आहे. अशा वेळी दाविदाच्या आतील तो बारीक आवाज त्या सर्वांस नाही म्हणाला.

परंतु दावीद गप्पही बसला नाही. राजा बाहेर पडताच तो मागोमाग निघाला, त्याने जमिनीपर्यंत लवून नमस्कार केला, वस्त्राचा तुकडा हातात धरला, आणि राजा आपला अन्यायाने पाठलाग करीत आहे हे त्याच्या तोंडावर सांगितले. न्याय परमेश्वराने करावा. आपला हात मात्र राजावर पडणार नाही, असे त्याने जाहीर केले. हात आवरला, पण तोंड उघडले. ह्या दोन गोष्टी शास्त्रात बहुधा जोडीने येतात, हे पुढेही दिसून येईल.

हाच दावीद पुढच्या अध्यायात नाबालावर रागावून चारशे माणसांनिशी तलवारी बांधून निघाला, हेही विसरू नये. त्या दिवशी अबीगईल आडवी आली नसती तर त्याच्या हातून रक्तपात झाला असता. एका दिवशी जागी असलेली सदसद्विवेकबुद्धी दुसऱ्या दिवशी झोपी जाऊ शकते. म्हणून देव कधी कधी दुसऱ्याच्या तोंडून तिला हाक मारवितो.

२. सदसद्विवेकबुद्धी चुकू शकते काय?

आमच्या मराठी शब्दाचा अर्थ सत् व असत् यांची निवड करणारी बुद्धी असा आहे. पौलाने वापरलेल्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ 'सोबतीने जाणणे' असा आहे. जणू मनुष्याच्या आत एक साक्षीदार बसला असून, मनुष्य जे करितो ते तोही जाणतो. रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल म्हणतो की, ज्यांस मोशेचे नियमशास्त्र मिळाले नव्हते त्यांच्याही ठायी हा साक्षीदार आहे. म्हणून ही बुद्धी केवळ ख्रिस्ती लोकांची मिरास नव्हे.

पण साक्षीदार खोटाही पडू शकतो, आणि ह्याचे सर्वांत मोठे उदाहरण स्वतः पौल आहे. स्तेफनास दगडमार झाला तेव्हा मारणाऱ्यांची वस्त्रे शौल नावाच्या तरुणाच्या पायांजवळ ठेविली होती. पुढे अग्रिप्पा राजापुढे बोलताना त्याने सांगितले की, येशूच्या नावाविरुद्ध पुष्कळ काही करणे हे आपले कर्तव्यच आहे असे त्या काळी आपणास वाटत होते. म्हणजे तो दुष्टबुद्धीने नव्हे, तर कर्तव्यबुद्धीने छळ करीत होता. प्रभूनेही शिष्यांस बजावले होते की, तुम्हांस जिवे मारणारा आपण देवाची सेवा करीत आहो असे मानील, अशी वेळ येत आहे.

मग खरी सदसद्विवेकबुद्धी कोणती व भ्रमलेली कोणती, हे कसे ओळखावे? दमिष्काच्या वाटेवरील शौल व त्यानंतरचा पौल हे शेजारी शेजारी उभे करून पाहावे. पूर्वीच्या शौलाची बुद्धी त्यास म्हणत होती, 'हे सत्य आहे, म्हणून त्यांस बांधून आण.' नंतरच्या पौलाची बुद्धी म्हणू लागली, 'हे सत्य आहे, म्हणून मी बांधला जाण्यास तयार आहे.' आवेश तोच, चिकाटी तीच; परंतु किंमत देणारा मनुष्य बदलला. जी बुद्धी दुसऱ्यावर दगड टाकावयास सांगते, ती कितीही मोठ्याने देवाचे नाव घेवो, तिला पुनः एकदा वधस्तंभापाशी नेऊन तपासावे.

पौल असेही म्हणतो की, देवासंबंधाने व माणसांसंबंधाने आपली बुद्धी निर्दोष राहावी म्हणून आपण सतत यत्न करितो (प्रेषित. २४:१६). म्हणजे ही वस्तू जन्मतः तयार मिळत नाही. ज्या कोयत्याला सहाणेवर घासत नाहीत तो गंजतो. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात तर डाग दिल्याप्रमाणे बधिर झालेल्या बुद्धीविषयी लिहिले आहे. गुराला डाग दिलेल्या जागी पुढे चटका लागत नाही, तसे ते होय.

३. गाल, अंगरखा आणि कोस

आता प्रभूच्या वचनाकडे वळू. त्याने तीन दाखले दिले, आणि तिन्ही दाखल्यांत मारणारा, मागणारा किंवा राबविणारा मनुष्य हा वरचढ आहे.

पहिला दाखला उजव्या गालावरील चपराकेचा. समोरासमोर उभे राहून उजव्या हाताने मारिले तर तळहात डाव्या गालावर बसतो. उजव्या गालावर मारावयाचे तर हाताची पाठ वापरावी लागते. म्हणून पुष्कळ टीकाकारांनी असे म्हटले आहे की, येथे मारामारीपेक्षा अपमानाचा विचार आहे. धनी चाकरास झिडकारितो तशी ती चपराक आहे. दुसरा गाल पुढे करणारा पळून जात नाही व उलट मारीतही नाही. तो तेथेच उभा राहतो, आणि अपमानाने आपण लहान झालो नाही हे दाखवितो.

दुसरा दाखला अंगरख्याचा. मोशेच्या नियमाप्रमाणे गरिबाचे पांघरूण गहाण घेतले तर ते सूर्यास्तापूर्वी परत द्यावे लागे, कारण रात्री त्यास तेवढेच पांघरूण असे. ज्याने कोर्टात ओढून अंगरखा घेतला त्यास पांघरूणही देऊन टाकणारा मनुष्य न बोलता त्या धन्यास त्याचा लोभ दाखवून देतो.

तिसरा दाखला कोसाचा, आणि येथे आमच्या मराठी शास्त्राने 'वेठ' हा अगदी घरचा शब्द वापरला आहे. रोमी शिपायास वाटेवरील कोणाही मनुष्यास धरून त्याच्यावर ओझे लादता येत असे. कुरेनेकर शिमोनास प्रभूचा वधस्तंभ वाहण्यासाठी धरिले, तेथे मूळ भाषेत हेच क्रियापद आहे. पहिल्या कोसात मनुष्य वेठीचा आहे. त्याचे पाय चालतात, पण हुकूम दुसऱ्याचा. दुसऱ्या कोसात हुकूम करणारा कोणी नाही. तेथे तो आपखुशीने चालतो, आणि ज्याने त्यास जनावरासारखे धरिले होते त्यास आता आपल्याबरोबर चालणारा एक मनुष्य दिसतो. म्हणून दुसरा कोस हा गुलामगिरीचा विस्तार नसून तिचा शेवट आहे.

४. एक आक्षेप व त्याचे उत्तर

येथे मंडळीतील कित्येक वडीलधारी माणसे मनात जे म्हणत असतील ते आपण उघड बोलू. महाराष्ट्रातील पुष्कळ खेड्यांच्या मंडळ्या ज्या लोकांतून उभ्या राहिल्या, त्यांस वेठ हा पुस्तकी शब्द नव्हे. सरकारी कामगाराचे ओझे पुढच्या गावापर्यंत पोहोचविणे, सांगावा घेऊन धावणे, मेलेले ढोर ओढणे, आणि त्याबद्दल भाकरतुकडा मागून आणणे, हे त्यांच्या पूर्वजांच्या वाट्यास आले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनासंबंधी बिल आणिले. परंतु कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने रद्द व्हावयास १९५८ साल उजाडले. ज्यांनी इतके कोस चालून दाखविले, त्यांस आणखी एक कोस चाला म्हणून सांगणे हा न्याय आहे काय?

ह्या प्रश्नास उडवाउडवीचे उत्तर देऊ नये. प्रथम हे पाहावे की, दुसरा कोस कोणी दुसऱ्यावर लादू शकत नाही. लादला की तो दुसरा कोस राहतच नाही. तो पहिल्याच वेठीचा भाग होतो. प्रभूने ही आज्ञा शिपायाच्या हाती दिली नाही, तर ओझे वाहणाऱ्याच्या हाती दिली. म्हणून जमीनदाराने कुळास, सासूने सुनेस, किंवा पाळकाने दुखावलेल्या मनुष्यास हे वचन दाखवून त्याचे तोंड बंद करावे, हा शास्त्राचा दुरुपयोग होय.

दुसरे असे की, प्रतिकाराचा हात न उगारणे म्हणजे अन्यायाला न्याय म्हणणे नव्हे. प्रमुख याजकाच्या वाड्यात एका कामदाराने प्रभूस चपराक मारिली. प्रभूने त्याच्यावर हात उगारला नाही. पण तो मुकाही राहिला नाही. आपण वाईट बोललो असलो तर ते सिद्ध कर, आणि बरे बोललो असलो तर का मारितोस, असा त्याने त्यास प्रश्न केला. फिलिप्पै येथे पौल व सीला यांस चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकिले. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडून देण्याचा बेत केला, तेव्हा पौलाने आपले रोमी नागरिकत्व पुढे केले, आणि अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन बाहेर न्यावे असा आग्रह धरिला. त्याच तुरुंगाधिकाऱ्याचा जीव त्याने आदल्या रात्री वाचविला होता. शत्रूचा जीव राखणे आणि कायद्याने आपला हक्क मागणे ह्या दोन गोष्टी एकाच मनुष्यात नांदू शकतात.

आमच्या प्रांतातही असे घडले आहे. १९२७ सालच्या मार्च महिन्यात महाड येथे चवदार तळ्याचे पाणी पिऊन परतणाऱ्या लोकांवर हल्ला झाला. त्यांची संख्या मोठी होती, अंगात रगही होती, तरी डॉ. आंबेडकरांनी त्यांस शांत राहावयास व उलट हात न उगारण्यास सांगितले. तो वाद मग कोर्टात चालला, आणि १९३७ साली मुंबईच्या हायकोर्टाने निकाल अस्पृश्य मानलेल्या लोकांच्या बाजूने दिला. ही माणसे ख्रिस्ती नव्हती. पण हात आवरून हक्क न सोडणे म्हणजे काय हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने त्यांजकडून शिकण्यात कमीपणा मानू नये.

५. अधिकाऱ्यांची आज्ञा व देवाची आज्ञा

रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल सांगतो की, प्रत्येकाने वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असावे. हे पत्र इसवी सन ५७ च्या सुमाराचे असून त्या वेळी नीरो बादशहा गादीवर होता. कर द्यावा, मान द्यावा, कोणाचे देणे ठेवू नये, असे तो लिहितो. पाचव्या वचनात तो असेही सांगतो की, ही अधीनता केवळ शिक्षेच्या भीतीने नसावी, तर सदसद्विवेकबुद्धीमुळेही असावी.

ह्यातून दोन गोष्टी निघतात. ख्रिस्ती मनुष्य पोलीस पाहत नसतानाही कायदा पाळतो. परंतु ज्या बुद्धीमुळे तो कायदा पाळतो, तीच बुद्धी त्या पालनाची मर्यादाही ठरविते. अधिकाऱ्याने निरपराध्याचे रक्त मागितले तर ती बुद्धी होकार देऊ शकत नाही. मिसर देशात शिफ्रा व पुवा ह्या सुइणींनी फारोच्या आज्ञेवरून बालके मारिली नाहीत. शास्त्र त्यांची स्तुती करिते. तसेच धर्मसभेपुढे पेत्र व प्रेषितांनी स्पष्ट सांगितले की, माणसांची आज्ञा व देवाची आज्ञा यांत विरोध पडला तर देवाची मानली पाहिजे.

ह्या पेत्राकडे थोडे थांबून पाहावे. गेथशेमाने बागेत तलवार उपसून मल्खाचा कान तोडणारा तोच होता. त्याच रात्री शेकोटीजवळ एका दासीच्या साध्या प्रश्नापुढे तो डगमगला व प्रभूस नाकारून बसला. तलवारीचे धैर्य रात्र संपेपर्यंतही टिकले नाही. पुढे आत्म्याने भरल्यावर त्याच्या हाती तलवार नव्हती. पण त्याच शहरात, त्याच वरिष्ठांपुढे तो उभा राहिला. फटके मिळाले तेव्हा त्याने कोणास शाप दिला नाही, पळ काढला नाही, आणि दुसऱ्या दिवशी उपदेश करणे थांबविलेही नाही. हात उगारण्यास लागते ते बळ एक, आणि नाही म्हणून उभे राहण्यास लागते ते बळ दुसरे. पहिले असून दुसरे नसणे शक्य आहे, हे पेत्राच्या चरित्रावरून कळते.

६. एका डोंगरी मंडळीचे उदाहरण

हे सर्व प्रेषितांच्या काळचे झाले; साध्या खेड्यातील मंडळीला हे जमेल काय, असे कोणी विचारील. म्हणून फ्रान्स देशातील एका खेड्याची हकीकत सांगतो.

त्या देशाच्या दक्षिणेकडील मध्यभागी, समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर उंचीच्या थंड पठारावर ल शाँबों नावाचे गाव आहे. तेथील बहुतेक लोक प्रॉटेस्टंट शेतकरी. १६८५ साली चौदाव्या लुई राजाने त्यांच्या पूर्वजांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले होते. पाळकांची हकालपट्टी, रानात गुप्तपणे भरणारी उपासना, तुरुंग, ह्यांच्या गोष्टी घरोघर आजी नातवंडांस सांगत आल्या होत्या. १९४० सालच्या २२ जूनला फ्रान्सने जर्मनीपुढे हार मानून करार केला. दुसऱ्याच दिवशी रविवार होता. आंद्रे त्रोक्मे व एदुआर तेइस ह्या दोघा पाळकांनी व्यासपीठावरून मंडळीस सांगितले की, जेव्हा लोक आपणांस सुवार्तेविरुद्ध वागावयास लावतील, तेव्हा आपण भीती न धरता, गर्व न करता व द्वेष न बाळगता, आत्म्याच्या शस्त्रांनी त्यास विरोध करावा.

पुढे यहूदी लोकांची धरपकड सुरू झाली. जीव घेऊन पळालेली माणसे, विशेषतः मुले, ह्या पठारावर येऊ लागली. पाळक त्रोक्मे यांस अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायातील आश्रयाच्या नगरांचा भाग फार महत्त्वाचा वाटे. निरपराध रक्त देशात सांडू नये म्हणून देवाने ती नगरे नेमिली होती. मंडळीने तो पाठ ऐकला व आपली दारे उघडली. कोणी माळ्यावर, कोणी गोठ्यापाशी, कोणी शाळेच्या वसतिगृहात माणसे ठेविली. शेजारच्या गावांतील निरनिराळ्या पंथांच्या लोकांनीही हेच केले. युद्ध संपेपर्यंत त्या पठारावर काही हजार निर्वासितांस आसरा मिळाला. त्यांत बहुतेक यहूदी होते.

१९४२ सालच्या ऑगस्ट महिन्यात पोलीस मोटारी घेऊन आले व लपलेल्या लोकांची नावे मागू लागले. पाळकांनी नावे दिली नाहीत. पुढेही कोणी दिली नाहीत. १९४३ सालच्या १३ फेब्रुवारीस त्रोक्मे, तेइस व शाळेचे मुख्याध्यापक दार्सिसाक यांस पकडण्यात आले. त्या संध्याकाळी पोलीस पाळकांच्या घरी आले असता माग्दा त्रोक्मे ह्या बाईंनी त्यांस जेवावयास बसविले. नवऱ्यास न्यावयास आलेल्यांस अन्न कसे वाढले, असे पुढे कोणी विचारी, तेव्हा त्यात विशेष ते काय, जेवणाची वेळ झाली होती, असे त्यांस वाटे. गावकरी मिळेल ती भेटवस्तू घेऊन आले व रस्त्याच्या दुतर्फा उभे राहून गीत गाऊ लागले. छावणीत सुमारे एक महिना गेल्यावर त्या दोघा पाळकांपुढे सरकारचे सर्व हुकूम मानण्याच्या वचनाचा कागद ठेवण्यात आला. सही केली असती तर सुटका ठरलेली होती. दोघांनीही सही केली नाही. तरी त्यांस सोडण्यात आले.

सर्वांसच असे सुटता आले नाही. पाळकांचे नातलग दानिएल त्रोक्मे हे तेथील एका वसतिगृहाचे प्रमुख होते. १९४३ सालच्या जून महिन्यात धाड पडली तेव्हा त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांस सोडले नाही. ते त्यांजबरोबर नेले गेले, आणि १९४४ सालच्या एप्रिल महिन्यात मायदानेक येथील छावणीत मरण पावले. जो म्हणतो की अहिंसेने वागल्यास देव नेहमी संकटातून सोडवितो, त्याने ही हकीकत शेवटपर्यंत वाचावी.

आणखी एक गोष्ट लपवून ठेवू नये. निर्वासितांस वाचविण्यासाठी खोट्या नावांचे दाखले तयार करावे लागत, आणि ही गोष्ट त्या पाळकांच्या मनास बोचत असे. शिफ्रा व पुवा यांचा प्रसंग ज्यांनी आज वाचला ते ही अडचण जाणतील. जागी सदसद्विवेकबुद्धी मनुष्यास नेहमी समाधानच देते असे नाही. जीव वाचविण्याचे कर्तव्य पार पाडीत असताही ती असत्याला सत्य म्हणू देत नाही. १९९० साली इस्राएलातील याद वाशेम ह्या संस्थेने ल शाँबों व आसपासच्या गावांचा एकत्रित गौरव केला. त्या गावचे पुष्कळ लोक मात्र आपण काही विशेष केले असे मानीतच नव्हते.

येथे दाविदाचे, पौलाचे व पेत्राचे सर्व धडे एकत्र आलेले दिसतात. हुकमास नाही म्हटले, पण हुकूम घेऊन येणाऱ्यास ताट वाढले. किंमत ठरली ती त्यांनी स्वतः दिली. दारात आलेल्या परक्याच्या गळ्यात ती बांधली नाही.

७. आपल्या मंडळ्यांस बोध

पहिला बोध घराविषयी. घरात जो हात बायकोवर व मुलांवर उगारला जातो, त्याच हाताने प्रभुभोजनाची भाकर घेतली जाते. ज्या पुरुषाने घरी मारहाण चालविली आहे त्यास शांतीविषयी व्यासपीठावरून बोलण्याचा अधिकार नाही. आणि मार खाल्लेली बहीण पाळकाच्या दारी आली तर तिला दुसऱ्या गालाचे वचन सांगून परत पाठवू नये. तिच्यासाठी त्या दिवशीचा शास्त्रपाठ अनुवादाचा एकोणिसावा अध्याय आहे. मंडळीने तिचे आश्रयनगर व्हावे. २००५ सालच्या कायद्याने तिला संरक्षण मागण्याचा हक्कही दिला आहे. पौलाने जसा आपला हक्क मागितला तसा तिने मागण्यात काही पाप नाही.

दुसरा बोध साक्षीविषयी. बांधाच्या किंवा विहिरीच्या तंट्यात आपल्या भावकीसाठी खोटी साक्ष देण्याचा आग्रह होतो. तेथे हिंसा दिसत नाही, परंतु एका कुटुंबाची भाकर हिरावली जाते. अशा वेळी नाही म्हणणाऱ्यास भावकी वाळीत टाकील. हीच ती किंमत होय, आणि ती आपणच द्यावयाची आहे.

तिसरा बोध जमावाविषयी. हल्ली मोबाईलवर एखादी अफवा येते, आणि घटकाभरात चाळीस माणसे काठ्या घेऊन चौकात जमतात. गुहेतील दाविदाच्या सोबत्यांप्रमाणे त्यांतील कोणी तरी देवाचे नावही घेतो. त्या वेळी अफवा पुढे न पाठविणे, काठी खाली ठेवणे, आणि ज्याच्या दारावर जमाव निघाला आहे त्यास आधी जाऊन कळविणे, हे अबीगईलचे काम कोणा एकाने तरी केले पाहिजे.

चौथा बोध मंडळीच्या आतील भांडणाविषयी. कमिटीच्या निवडणुकीवरून व मंडळीच्या जागेवरून आपण एकमेकांविरुद्ध जे बोलतो ते बाहेरचे लोक ऐकतात. जो आपल्याच बंधूस क्षमा करीत नाही, तो शत्रूवर प्रीती कशी करील?

ल शाँबोंच्या लोकांनी धाड पडली त्या दिवशी निर्णय घेतला नाही. कित्येक वर्षे रविवारी रविवारी त्यांनी जे ऐकले व घरच्या चुलीपाशी जे बोलले, त्यातून त्यांचा निर्णय आधीच तयार झाला होता. म्हणून आपली लहानशी शब्बाथशाळा, तिच्यातील आठ-दहा मुले व फाटकी चटई हीही क्षुल्लक मानू नयेत. संकटाच्या दिवशी उपयोगी पडणारी सदसद्विवेकबुद्धी येथेच घडते.

विचारासाठी प्रश्न

१. दाविदाने केवळ वस्त्राचा काठ कापला असता त्याचे हृदय त्यास का टोचले?
२. शौलाची कर्तव्यबुद्धी प्रामाणिक होती, तरी ती चुकली. आपल्या बुद्धीची परीक्षा आपण कशी करावी?
३. प्रमुख याजकाच्या वाड्यात प्रभूने जे उत्तर दिले, त्यावरून मत्तय ५:३९ चा अर्थ कसा उलगडतो?
४. दुसरा कोस दुसऱ्यावर का लादता येत नाही?
५. तुमच्या गावात आज रात्री कोणी आश्रय मागावयास आला, तर मंडळी त्यास कोठे ठेवील? हा विषय पंचांनी अगोदर बोलून ठेवावा.

शिक्षकांस सूचना

लहान मुलांच्या वर्गात दाविदाची गोष्ट व माग्दाबाईंनी पोलिसांस जेवू घातल्याची गोष्ट एवढीच सांगावी. मोठ्यांच्या वर्गात चौथा भाग गाळू नये. ज्यांच्या घराण्याने वेठ सोसली आहे अशा वडीलधाऱ्यांस प्रथम बोलू द्यावे, व शिक्षकाने मागाहून बोलावे. शेवटी सर्वांनी थोडा वेळ शांत बसून, ज्या मनुष्याविषयी आपल्या मनात अढी आहे त्याचे नाव घेऊन मनातल्या मनात प्रार्थना करावी, आणि ह्या आठवड्यात त्याच्या दारी एकदा जाऊन यावे.